अलिबाग–मुरुड किनारा

महाराष्ट्र राज्याच्या रायगड (पूर्वीचा कुलाबा) जिल्ह्यातील ऐतिहासिक किनारपट्टी. धरमतर खाडीच्या मुखापासून दक्षिणेस राजपुरी खाडीपर्यंतच्या या पट्ट्यात खडकाळ भूशिरे व वाळूच्या पुळणी आलटून पालटून आढळतात. अलिबाग ते मुरुड हे अंतर सडकेने सु. ५० किमी. असून कुंडलिका नदीच्या मुखाशी उत्तरेस रेवदंडा व दक्षिणेस कोर्लई आहे. खाडीमुखे ज्याच्या ताब्यात त्याच्याकडे व्यापार व जकात, यामुळे येथील बहुतेक दुर्ग खाड्यांच्या तोंडाशी किंवा समोरील बेटांवर बांधले गेले.

इतिहास : रेवदंड्याजवळील चौल हे प्राचीन बंदर होय. रशियन प्रवासी अफनासी निकितीन पंधराव्या शतकात येथेच भारतभूमीवर उतरला. १५०८ मध्ये चौलच्या सागरी लढाईत पोर्तुगीज सेनानी लोरेंसू द आल्मेदा मारला गेला. तरीही पुढे पोर्तुगीजांनी येथे ठाणे वसविले व ते १७४० मध्ये मराठ्यांकडे गेले. छत्रपती शिवाजी महाराजांनी १६७९ मध्ये खांदेरी बेटाची तटबंदी सुरू केली. प्रत्युत्तरादाखल सिद्दीने शेजारची उंदेरी बळकाविली. कान्होजी आंग्रे (मृत्यू १७२९) यांच्या काळात कुलाबा किल्ला मराठी आरमाराचे प्रमुख केंद्र बनला. इंग्रज व पोर्तुगीज यांचा १७२१ मधील संयुक्त हल्ला येथे निष्फळ ठरला. याउलट सिद्दींचा जंजिरा मराठ्यांना अखेरपर्यंत घेता आला नाही. जंजिरा संस्थान १९४८ मध्ये भारतात विलीन झाले.

प्रेक्षणीय स्थळे : अलिबागजवळील आक्षी येथील शिलालेख मराठीतील आद्य लेखांपैकी एक मानला जातो. अलिबागची चुंबकीय वेधशाळा १९०४ पासून कार्यरत आहे. मुंबईत ट्राम विजेवर धावणार असल्याने कुलाबा येथील चुंबकीय निरीक्षणे बिघडतील, म्हणून ती येथे आणण्यात आली. किहीम येथे पक्षिशास्त्रज्ञ सलीम अली यांनी १९३० मध्ये सुगरण पक्ष्याच्या विणीचा अभ्यास केला. किहीम, वरसोली, नागाव, काशीद व मुरुड येथील पुळणी पर्यटकांच्या विशेष आवडीच्या आहेत. युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत २०२५ मध्ये समाविष्ट झालेल्या मराठा दुर्गांत खांदेरीही आहे.

प्रवास : मुंबईहून गेटवे ऑफ इंडिया ते मांडवा अशी लाँचसेवा असून पावसाळ्यात ती बंद असते. भाऊचा धक्का ते मांडवा ही वाहनेही नेणारी बोटसेवा २०२० मध्ये सुरू झाली. कुलाबा किल्ल्यात ओहोटीच्या वेळी पायी जाता येते. मात्र भरती-ओहोटीची वेळ दररोज सु. ५० मिनिटांनी पुढे सरकत असल्याने परतीची वेळ आधी पाहून ठेवणे आवश्यक ठरते. जंजिऱ्यास राजपुरीहून होडीने जावे लागते. पावसाळ्यात दोन्ही ठिकाणी जाणे धोक्याचे असते.

नारळ-सुपारीच्या वाड्या, भातशेती व मासेमारी ही येथील उपजीविकेची जुनी साधने होत. ३ जून २०२० रोजी अलिबागच्या दक्षिणेस धडकलेल्या ‘निसर्ग’ चक्रीवादळाने असंख्य वाड्या उद्ध्वस्त केल्या. नव्याने लावलेली सुपारी फळास येण्यास कित्येक वर्षे लागतात. त्यामुळे अनेक कुटुंबांना पर्यटकांच्या निवास-भोजनाच्या व्यवसायावर अधिक विसंबावे लागते. कोर्लई गावातील पोर्तुगीज-मराठी मिश्रणातून घडलेली बोली आता थोड्याच लोकांच्या मुखी उरली असून, पोर्तुगीज सत्ता गेल्यावर पावणेतीनशेहून अधिक वर्षे ती घराघरांतून टिकून राहिली, हे उल्लेखनीय आहे.