तापाची गोळी मांजराला नको

स्वतःचा खोकला दाखवायला आलेले लोक जाता जाता विचारतात, ‘‘डॉक्टर, आमची मनी जेवत नाही, अंग तापलंय. क्रोसीन किती द्यायची?’’ उत्तर एकच. अजिबात द्यायची नाही.

मुळात कुत्र्यामांजरांचे निरोगी तापमानच साधारण १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते. आपल्या हाताला ते गरम लागणारच. कोरडे नाक हीसुद्धा तापाची खात्रीची खूण नव्हे. थर्मामीटरला व्हॅसलीन लावून गुदद्वारातून ताप पाहावा. (तो थर्मामीटर वेगळाच ठेवावा, हे सांगावे लागते!) १०३ च्या वर असल्यास पशुवैद्यांना बोलवावे.

क्रोसीन म्हणजे पॅरासिटामॉल. आपले यकृत त्याचा निचरा करते. मांजराच्या यकृताला ते जमत नाही. रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती जाते. हिरड्या तपकिरी-निळसर पडतात, तोंड व पंजे सुजतात, धाप लागते. ५०० मिलिग्रॅमची एकच गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. कुत्र्यालाही ती आपल्या मनाने देऊ नये. अंगदुखीवरच्या आयब्युप्रोफेनने कुत्र्याच्या जठरात व्रण होतात, मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात.

गोळी दिली गेलीच असेल, तर लक्षणांची वाट न पाहता गोळीचे पाकीट घेऊन पशुवैद्यांकडे जावे. पॅरासिटामॉलवर उतारा आहे, पण तो वेळेत मिळाला पाहिजे. मिठाचे पाणी पाजून उलटी काढू नये. या धडपडीत जनावर चावले, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी आमच्याकडे यावे.