कोरे म्हणजे निरंक नव्हे

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. दुपारचे चार वाजले असतील. पवनेच्या पलीकडे पिंपरी आणि अलीकडे आमची काळेवाडी. इथल्या गल्ल्यांत इमारती इतक्या लगत उभ्या आहेत की, समोरच्यांच्या कुकरची शिट्टी आपल्याच स्वयंपाकघरात वाजल्यासारखी वाटते. चहाला उठलो तर आतल्या खोलीचे पडदे ओढलेले. सूनबाई कपाळाला ओढणी घट्ट बांधून पडली होती आणि एका डोळ्यावर हात ठेवून दुसऱ्या डोळ्याने मोबाइलमध्ये काहीतरी करीत होती.

"अगं, डोकं उठलंय ना? मग ठेव की तो फोन बाजूला."

"बाबा, नोंद करायचीय. आत्ता नाही केली तर राहून जाईल," ती म्हणाली आणि उमासा आला म्हणून लगबगीने न्हाणीघरात गेली.

फोन तसाच लखलखत पडला होता. अर्धशिशीची नोंद ठेवण्याचे ते ॲप. पांढरीशुभ्र स्क्रीन, बारीक इंग्रजी अक्षरे. वेदना शून्य ते दहामध्ये किती, डोक्याच्या चित्रात नेमकी कुठे, मळमळ आहे का, गोळी कोणती, किती वाजता? शेवटी कारणांची यादी: चॉकलेट, चीज, रेड वाइन. उपवास, उदबत्तीचा वास, मिरवणुकीतला डीजे यांचा पत्ता नाही. ती चाकणच्या एका कारखान्यात क्वालिटी खात्यात आहे. एक आठवडा फर्स्ट शिफ्ट, एक आठवडा सेकंड. झोपेची वेळ हलली की हटकून डोके धरते. पण 'शिफ्ट बदलली' असे सांगायला त्या यादीत जागाच नव्हती.

अर्धशिशी हे दुखणे जुने. आयुर्वेदाच्या ग्रंथांत त्याला 'अर्धावभेदक' म्हटले आहे, आणि 'मायग्रेन' हा शब्दही 'अर्धी कवटी' अशा अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आलेला. उपचार न केल्यास एक झटका 4 ते 72 तास टिकू शकतो. पुरुषांपेक्षा बायकांमध्ये त्याचे प्रमाण सुमारे तिप्पट. बहुतेकांना त्या वेळी उजेड सहन होत नाही. निळ्या छटेच्या प्रकाशाने वेदना वाढते आणि विशिष्ट हिरवा प्रकाश त्या मानाने कमी त्रास देतो, असे हार्वर्डमधील संशोधकांनी 2016 साली दाखवून दिले. आणि या रोग्याने आपली नोंद करायची ती भगभगीत काचेवर!

माझा एक पुतण्या हिंजवडीत अशाच स्क्रीन आखण्याचे काम करतो. त्याला 'यूएक्स' म्हणतात, म्हणजे वापरणाऱ्याला येणारा अनुभव. त्याला हे सांगितले तेव्हा तो जरा ओशाळला. म्हणाला, "काका, आम्ही तपासून बघतो ते ठणठणीत माणसांकडून, एसीत बसून. डोकं फुटत असताना कोणी बघितलेलं नसतं."

यापेक्षा मोठा घोटाळा पुढे उघड झाला. ॲपने काढलेला आलेख घेऊन आम्ही मेंदूविकारतज्ज्ञांकडे गेलो. तीन महिन्यांत फक्त सात झटके. बाकीचे दिवस हिरवेगार. डॉक्टर म्हणाले, "त्रास तसा बेताचा दिसतो." सूनबाईचे डोळे भरून आले. सात वेळाच नोंद करण्याचे बळ होते. ज्या दिवशी उठताही आले नाही, ते सगळे दिवस त्या आलेखात सुखाचे ठरले होते.

मी जन्मभर बँकेत खर्डेघाशी केली. शाखेतून वरच्या कार्यालयाला दर महिन्याला पत्रके जात. एखाद्या पत्रकात लिहिण्याजोगे काही नसले तरी ते कोरे धाडून चालत नसे. 'निरंक' असे लिहून खाली सही करावी लागे. कारण कोऱ्या रकान्याचे दोन अर्थ होतात: काही घडले नाही, किंवा घडले पण लिहायचे राहिले. हा फरक ज्या नोंदवहीला कळत नाही, तिच्यातली बेरीज कितीही बिनचूक असली तरी हिशेब खोटाच. आमच्या कारकुनांना जे कळत होते, ते या ॲपला कसे सुचू नये?

मग आम्ही स्वयंपाकघरातले कालनिर्णय कामाला लावले. दुधाचा खाडा मांडतो तसेच. दुखले तर फुली, गोळी घेतली तर गोल, आणि काहीच नसेल तर आडवी रेघ. अंधारातही काढता येते. तिला उठवत नसेल तर फुली मी किंवा मुलगा काढी. खाडाखोड नाही, प्रश्न नाहीत.

तीन महिन्यांनी ती पाने घेऊन गेलो. डॉक्टरांनी फुल्यांकडे पाहिले, मग बोट गोलांवर ठेवून मोजू लागले. महिन्याला अठरा दिवस गोळी! साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यात 15 किंवा जास्त दिवस, आणि अर्धशिशीच्या खास ट्रिप्टान गोळ्या 10 किंवा जास्त दिवस, असे तीन महिन्यांवर चालले, तर गोळ्यांमुळेच डोके दुखू लागते, असे त्यांनी समजावले. ज्या औषधावर भिस्त, तेच दुखणे वाढवीत होते. त्यांनी गोळ्या आपल्या देखरेखीखाली कमी करीत आणल्या आणि झटके टाळण्याचे वेगळे औषध सुरू केले.

त्यांनी पाच प्रश्नांचा एक कागदही भरून घेतला. गेल्या तीन महिन्यांत किती दिवस कामावर जाता आले नाही, हे त्यात आहेच. पण घरकाम किती दिवस झाले नाही, हेही वेगळे विचारले आहे. बाईच्या घरातल्या दिवसाचीही मोजदाद करणारा कागद मी पहिल्यांदाच पाहिला.

मोबाइलवर माझा राग नाही. कॅलेंडर बेरीज करीत नाही, रात्री आठवण देत नाही. पुतण्याला मी एवढेच म्हटले: स्क्रीन काळी ठेवा, बटणे दोनच द्या, 'दुखतंय' आणि 'गोळी घेतली'. बाकीच्या चौकशा डोके उतरल्यावर, दुसऱ्या दिवशी करा, आणि त्या मराठीत करा. आणि ज्या दिवशी काहीच भरले नाही, त्याला हिरवा रंग देऊ नका, विचारा, "काल बरं होतं, की लिहायला जमलं नाही?" त्याने ते वहीत उतरवून घेतले.

परवा कालनिर्णयाचे पान उलटताना सहज मोजले. फुल्या सहा, गोल चार. बाकी प्रत्येक चौकटीत तिच्या हातची आडवी रेघ. मी ते पान फाडले नाही, जपून ठेवले आहे.