समुपदेशकाच्या खोलीत काय चालतं?

सातारा, भोर, फलटणहून येऊन स्वारगेटला उतरणाऱ्या गर्दीत काही जण समुपदेशकाकडे निघालेले असतात. गावात जाताना कुणी पाहिलं तर? पुण्यात कोण ओळखतंय! 'तिथे वेडेच जातात' या समजातून ही धास्ती येते. स्वारगेटला तर या समजाला आयतं खतपाणी मिळालं. 25 जानेवारी 2012 ला सकाळी एका एसटी चालकाने इथल्याच आगारातून बस पळवली आणि रस्त्यावरच्या नऊ जणांचे जीव घेतले. 'मनोरुग्ण असणार' हे तेव्हा टपरीटपरीवर बोललं गेलं. कोर्टाने मात्र वेडाचा बचाव नाकारून त्याला दोषी ठरवलं. 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फाशीऐवजी जन्मठेप दिली, पण दोष कायम राहिला. समुपदेशकाच्या दाराशी बसलेली माणसं बहुतेक वेळा झोप उडालेली, परीक्षेने धास्तावलेली, घरातल्या भांडणांनी पिचलेली असतात. त्यांना कुणी का घाबरावं?

'नुसत्या गप्पा मारायचे एवढे पैसे?' ही दुसरी तक्रार. पण या गप्पांमागे पद्धत असते. महाराष्ट्रातल्या बऱ्याच समुपदेशकांच्या कामावर अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाची छाप आहे. त्याची विवेकनिष्ठ उपचारपद्धती आपल्याकडे रुजवली कि. मो. फडके यांनी, ठाण्याच्या 'आयपीएच' या मानसिक आरोग्य संस्थेचे डॉ. आनंद नाडकर्णी यांनी ती सर्वसामान्यांपर्यंत नेली. एलिस तरुणपणी मुलींशी बोलायला घाबरायचा. एकोणिसाव्या वर्षी न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समधल्या बागेत तो रोज जाऊन बसू लागला आणि महिनाभरात शंभरेक अनोळखी स्त्रियांशी स्वतःहून बोलला. एकीशी भेटायचं ठरलं, तीही आली नाही. भीती मात्र गेली. 1955 च्या सुमारास त्याने उभ्या केलेल्या पद्धतीत हा अनुभव पुरेपूर मुरलेला आहे.

ही पद्धत चालते कशी? समजा, एका कंडक्टरच्या हिशेबात दोनशे रुपये कमी भरले आणि त्या रात्री त्याला झोप नाही. समुपदेशक 'काळजी करू नका' म्हणून त्याची बोळवण करणार नाही. पैसे कमी आहेत हे कळलं तेव्हा मनात काय आलं, ते विचारेल. उत्तर येतं, 'माझ्याकडून चूक होताच कामा नये. झाली म्हणजे मी नालायक.' दोनशे रुपये भरून टाकता येतात. झोप उडवतो तो हा हट्ट. मग त्याचीच उलटतपासणी होते. चूक न करणारा एक तरी कंडक्टर डेपोत दाखवा! उत्तरं घरून लिहून आणायची असतात. एलिस याहून अचाट गृहपाठही द्यायचा. लाजऱ्या माणसाला तो भर गाडीत पुढच्या स्टॉपचं नाव मोठ्याने ओरडायला लावी. कंडक्टरला याचा उपयोग नाही, तो त्याचा रोजचाच धंदा. पण एखाद्या लाजाळू प्रवाशाने स्वारगेट-कात्रज बसमध्ये करून बघावं. लोक माना वळवतील आणि परत मोबाइलमध्ये डोकं घालतील.

आता पाटीवरच्या पदव्या. सगळे एकच समजून लोक फसतात ते इथे. सायकिअ‍ॅट्रिस्ट म्हणजे एमबीबीएसनंतर मानसोपचारात एमडी किंवा डीपीएम केलेला डॉक्टर. औषध लिहून देणं हे त्याचं काम. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट औषध देत नाही. मानसशास्त्रात एमए आणि त्यावर दोन वर्षांचं एमफिल ही त्याची आजवरची वाट, आणि त्याची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. तो नोंदणी क्रमांक बेधडक विचारावा. विचारल्यावर चिडणाऱ्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नये, असं माझं मत. नुसती 'काउन्सेलर' पाटी मात्र वर्षानुवर्षं कुणीही लावत आलं आहे. 2021 च्या सहयोगी आरोग्य व्यवसाय कायद्याने त्यांनाही नोंदणीच्या कक्षेत घेतलं. पदवी नाही म्हणजे भोंदूच, असंही नाही. पुण्याच्या 'मुक्तांगण' व्यसनमुक्ती केंद्रात डॉ. अनिता अवचट यांनी 1986 पासून व्यसनातून बाहेर आलेल्या मित्रांनाच हाताशी धरून नव्यांना सावरण्याचं काम उभं केलं. तिथे त्या माणसांचा अनुभव आहे, पण पाठीशी डॉक्टरही आहेत.

'बोललेलं घरी कळेल' ही भीती बव्हंशी अनाठायी आहे. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने गोपनीयतेचा हक्क दिला आहे. कुणाच्या जिवाला धोका असेल किंवा न्यायालयाने मागितलं, अशा मोजक्या वेळीच माहिती बाहेर जाते, आणि चांगला समुपदेशक पहिल्याच भेटीत हे स्पष्ट सांगतो.

एवढ्यावरही पाऊल उचलत नसेल, तर 14416 हा सरकारच्या 'टेली-मानस'चा नंबर आहे. फोन फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं.