फिकट अंगाचा लांडगा

कात्रजच्या राजीव गांधी प्राणिसंग्रहालयात वाघापाशी गर्दी असते. लांडग्यापाशी माणसं थांबतात ती ‘कुत्राच की हा’ म्हणण्यापुरती. या खेपेला मी मात्र बराच वेळ उभा राहिलो, कारण डोक्यात जपान होतं. तिथला शेवटचा नोंदलेला लांडगा १९०५ साली नारा प्रांतात मेला आणि त्याचं कातडं लंडनच्या संग्रहालयात गेलं. तरी तिथली काही माणसं अजून डोंगरात कॅमेरे लावून त्याची वाट पाहतात. तिथल्याच एका राष्ट्रीय संग्रहालयाच्या गोदामात पेंढा भरून ठेवलेला एक दुर्लक्षित प्राणी त्याच जातीचा असावा, हे एका शाळकरी मुलीने ओळखलं. त्यावरचा शोधनिबंध २०२४ मध्ये आला. गेलेल्या जनावरासाठी एवढा जीव टाकणारी माणसं! आणि इथे जाळीपलीकडे लांब पायांचा, पिवळसर डोळ्यांचा, जिवंत लांडगा माझ्याकडे न बघता माझ्या मागच्या टेकडीकडे बघत होता.

चार दिवसांनी, अंधार असतानाच, बोपदेव घाट ओलांडून सासवडच्या बाजूला गेलो. लांडग्यांच्या नोंदी ठेवणारा एक तरुण सोबत होता. काम साधं दिसतं: पायवाटांनी चालायचं, ठसा दिसला की मोजायचा, विष्ठा दिसली की जागा नोंदवून नमुना कुपीत घ्यायचा. पण त्याने काडीने ती विष्ठा उकलली तेव्हा जो उग्र, कुबट वास आला, तो परतल्यावरही नाकातून जाईना. आत मेंढीची लोकर होती, हाडाचे तुकडे होते आणि प्लास्टिकच्या पिशवीची एक चिंधी. ती चिंधी त्याने वेगळी ठेवली.

“देशभरात तीन हजार,” तो म्हणाला. “वाघांच्या आसपासच.”

तीन हजार. वाघाला राखीव जंगल आहे. यांच्या माळाला आपण कागदोपत्री पडीक म्हणतो. मग त्या पडीक जमिनीवर भूखंड पडतात, कारखाने उठतात, कचरा येऊन पडतो. कचऱ्यामागे भटकी कुत्री येतात आणि कुत्र्यांबरोबर रेबीज, डिस्टेंपरसारखे रोग. खरी भीती मात्र त्याहून वेगळी आहे.

पुण्याच्या माळांवर द ग्रासलँड्स ट्रस्टच्या लोकांना कळपात वेगळंच जनावर दिसलं होतं. लांडग्याच्या करड्या अंगाशी त्याचा फिकट रंग जुळत नव्हता. पुढे बंगळुरूच्या एनसीबीएस आणि एट्री या संस्थांच्या शास्त्रज्ञांसोबत जनुकीय तपासणी झाली. लांडगा आणि कुत्रा यांचा संकर झाल्याचा तो पुरावा २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. मला त्या जनावराचा फोटो दाखवला गेला, तेव्हा पहिल्यांदा ते सुंदर वाटलं आणि लगेच पोटात कालवलं. भारतीय लांडग्याला शास्त्रात नाव मिळालं तेच दख्खनमधल्या जनावरांवरून, १८३१ साली, विल्यम साइक्स या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याकडून. त्याचा वंश जगातल्या लांडग्यांमधल्या सर्वांत जुन्या वंशांपैकी आहे, असं २०२१ च्या जनुकीय अभ्यासातून दिसलं. इतका जुना वंश एकाही गोळीशिवाय, कुत्र्यांत मिसळत मिसळत संपू शकतो. तसं झालं तर जपानसारखी तारीखही सांगता येणार नाही. माळावर लांडग्यासारखं काहीतरी फिरतच राहील.

ऊन वर आलं तेव्हा आम्ही एका धनगराच्या वाड्याशी पोचलो. वाघर गुंडाळून ठेवली होती, मेंढरं बाहेर निघाली होती. आदल्या रात्री एक कोकरू गेलं होतं. भरपाईच्या कागदांचं विचारल्यावर म्हातारबाबांनी हात झटकला.

“कशाला? त्येचा वाटा त्येनं न्हेला. आमच्या बापाच्या वक्ताला बी न्हेतच व्हता.”

सगळेच धनगर असं म्हणत नाहीत, हे मला माहीत आहे. एका कोकराची किंमत त्या घराला काय पडते हेही दिसत होतं. तरीही, तिथे उभा असताना मला वाटलं, लांडगा आजवर टिकला तो वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीने जितका टिकवला, त्याहून जास्त या माणसांच्या हिशेबाने.

“आबा, जनावर करडं होतं की फिकट?” तरुणाने विचारलं.

म्हातारबाबा जरा थांबले. मग दावणीपाशी बसलेल्या आपल्या कुत्र्याकडे बोट केलं. उंच पायांचा, अरुंद तोंडाचा, मातकट रंगाचा.

“ह्यो मोत्या बी पहाटं त्यांच्याच मागं गेला व्हता. दोन दिस आला न्हाई मागल्या खेपेला. त्येचं बी केस न्हेऊन बघा की.”

तरुणाने खिशातून रिकामी कुपी काढली आणि मोत्यापुढे उकिडवा बसला.