आधी घात, मग कुरी

यंदा, २०२५ साली, मान्सून २४ मेला केरळात आणि २६ मेला मुंबईत पोचला, मुंबईचा १९५६ सालचा २९ मेचा विक्रम मोडला, हे आता सगळ्यांना पाठ झालंय. १९०१ पासूनचा देशातला सर्वांत ओला मे हाच, हेही छापून आलं. कराड परिसरात मात्र भेटेल तो एकच प्रश्न विचारतोय : रानाला घात आली का?

कृषी खात्याच्या पत्रकात ‘वाफसा’ असतो, आमच्याकडे घात. पाऊस उघडला की मातीच्या मोठ्या पोकळ्यांतलं पाणी निचरतं, तिथे हवा शिरते आणि बारीक पोकळ्यांत ओल धरून राहते. बियाला पाणी लागतं तितकीच हवाही लागते. ती नसली की बी उगवण्याऐवजी कुजतं. मुरमाड माळाला दोन उन्हं पुरतात. कृष्णाकाठची काळी जमीन ओलीने फुगते, तिला आठवडाही कमी पडतो.

मे म्हणजे इथला मशागतीचा महिना. नांगरटीची ढेकळं उन्हात तापायची, वळवाच्या सरीने फुटायची, कुळवाच्या दोन पाळ्या घालून धसकटं वेचली की रान कुरीसाठी, म्हणजे पेरणीच्या पाभरीसाठी, तयार. यंदा तो क्रमच राहिला नाही. नांगरलेली रानं चिबडली, पडून राहिलेल्यांत तण गुडघ्याला लागलं. सर्वांत मोठा घाव बसला धूळवाफेच्या भाताला. शिराळा आणि पाटणच्या पट्ट्यात मेअखेर कोरड्या धुळीतच भात पेरतात. बी मातीत वाट बघत पडतं आणि पहिल्या पावसाबरोबर वर येतं. या शहाणपणाला धूळच लागते, आणि यंदा धूळ मिळालीच नाही. ज्यांची पेर हुकली, त्यांना आता रोपलावण किंवा टोकणीकडे वळावं लागेल. दोन्हींत मजुरी वाढते.

मसूर गावाच्या बाजूला एका आप्पांच्या बांधावर उभा होतो. वरची माती पांढरी पडलेली. मला वाटलं, झालं. आप्पांनी खुरप्याने वीतभर उकरलं, मूठभर माती दाबून गोळा केला आणि कमरेएवढ्या उंचीवरून सोडला. गोळा फुटला नाही, चपटा होऊन बसला. त्यावर त्यांच्या बोटांचे ठसे चकाकत होते. “वरनं वाळलंया, पोटात वलं हाय,” ते म्हणाले. मग माळाच्या तुकड्यात गेलो. तिथला गोळा पडताच भुगा झाला. कुठलंही यंत्र न लागणारी ही परीक्षा मला हवामानाच्या दहा अंदाजांहून मोलाची वाटते.

कारण घाई इथेच नडते. ट्रॅक्टर भाड्याचा, त्याची पाळी आज आली तर पुन्हा कधी येईल याचा भरवसा नसतो. म्हणून ओल्या रानात दोन टनांच्या आसपासचं वजन फिरवलं जातं. चाकाखाली माती दबते, रोटाव्हेटरची पाती खालचा थर लिंपून गुळगुळीत करतात. ऊन पडलं की वर विटेसारखी ढेकळं आणि खाली कठीण तळ. मुळं आडवी पळतात, पुढच्या पावसाचं पाणी तिथेच तुंबतं. एका दिवसाच्या घाईचे भोग अख्खा हंगाम पुरतात.

या घाईला जोड मिळते खोल नांगरटीच्या हट्टाची. इथून जवळच, १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी वसवलेल्या किर्लोस्करवाडीत लोखंडी नांगर तयार होऊ लागला. लोखंडाने जमीन नासेल, या भीतीने शेतकरी सुरुवातीला तो घेईनात. पुढे त्याच नांगराने खोल मशागत घरोघर नेली, आणि खोल नांगरल्याशिवाय जमीन तयारच होत नाही, ही समजूत पक्की झाली. माझं स्पष्ट मत आहे, यंदा नांगरट सोडून द्यावी. घात आली की कुळवाच्या उभ्या-आडव्या पाळ्या घालून तण मोडावं आणि पेरावं.

सोयाबीनवाल्यांनी तर घाबरूच नये. कसबे डिग्रजच्या संशोधन केंद्रातून आलेलं फुले संगम असो की घरचं बियाणं, सोयाबीन १५ जुलैपर्यंत पेरता येतं. तोवर घरचं बियाणं तपासून घ्यावं. ओल्या गोणपाटात शंभर दाणे गुंडाळून ठेवायचे; सत्तर उगवले तर नेहमीचं प्रमाण, कमी भरले तर बी वाढवायचं. बी तीन ते पाच सेंटिमीटरवर घालावं, त्याहून खोल नको. त्यावर जोराचा पाऊस होऊन पापुद्रा धरला, तर कोंबाची मान आतच मोडते. ज्यांच्या रानात पाणी थांबतं, त्यांनी बीबीएफ म्हणजे रुंद वरंबा-सरी यंत्राने वरंब्यावर पेरावं, जादा पाणी सरीतून निघून जातं.

आप्पांनी माळाचा तुकडा शनिवारी पेरायचं ठरवलं. काळ्या रानाचं काय, म्हणून विचारलं, तर ते खोरं घेऊन खालच्या बांधाला गेले आणि तुंबलेल्या पाण्याला चर काढू लागले.