अपंग आप्ताला घेऊन कॅरीस जाताना

उत्तर कॅरोलायनातील कॅरी हे नाव आपल्या काही घरांत आता परिचयाचे झाले आहे. वस्ती पावणेदोन लाखांच्या घरात, तरी तेथील लोक त्यास शहर न म्हणता गावच म्हणतात. शेजारीच १९५९ साली स्थापन झालेले रिसर्च ट्रँगल हे संशोधनक्षेत्र आहे. त्याच्या आश्रयाने हिंदुस्थानातील सुशिक्षित कुटुंबे तेथे स्थिरावली, श्रीवेंकटेश्वराचे मंदिर उभे राहिले आणि २०२२ साली त्यास ८७ फूट उंचीचे गोपुर लाभले. आमच्या भाचीचा संसारही त्याच गावी आहे. भाचीने बोलावले म्हणजे आपण आनंदाने निघतो. परंतु घरातील जे माणूस आपल्या पायांनी चालत नाही, त्यास न्यावे की मागे ठेवावे, हा प्रश्न निघाला की सारे घर गप्प होते.

माझा धाकटा भाऊ लहानपणापासून चाकांच्या खुर्चीवर आहे. (हिंदुस्थानात हल्ली 'दिव्यांग' हा शब्द रूढ झाला आहे, तो त्यास मुळीच आवडत नाही, म्हणून येथे मी जुना 'अपंग' हाच शब्द वापरतो.) वाणी जड, बुद्धी मात्र तल्लख. व्हिसाचा विषय निघताच आप्तेष्टांनी सल्ला दिला की, त्याचे अपंगत्व अर्जात दाखवू नये, नाहीतर अमेरिका दार लावून घेईल.

ही भीती अगदीच निराधार नाही. आपल्या पणज्यांना मुंबई बंदरात बोटीवर चढण्यापूर्वी डॉक्टरापुढे उभे राहावे लागे. उसाच्या मळ्यात राबण्याजोगा देह आहे की नाही, एवढेच तेथे पाहिले जाई. पोर्ट लुईच्या आप्रवासी घाटाच्या पायऱ्या चढलेली सुमारे साडेचार लाख माणसे ही अशी पारखून घेतलेली होती. लंगडा भाऊ, आंधळी आई मागे गावीच राहिली. अमेरिकेचा इतिहासही यापेक्षा उदार नव्हे. वेडसर, मंदबुद्धी, तसेच सरकारवर भार न होता स्वतःचा निर्वाह करू न शकणारे, अशांना १८८२च्या कायद्याने बंदी झाली. पुढे १९०७ साली देहातील ज्या व्यंगामुळे कमाईस बाध येईल, ते व्यंगही आडकाठी ठरले. हे निर्बंध बऱ्याच अंशी सैल व्हावयास १९९० साल उजाडावे लागले.

आज निव्वळ अपंगत्व हे व्हिसा नाकारण्याचे कारण नाही. डीएस-१६० या अर्जात विचारतात ते इतकेच : आपणास असा काही शारीरिक वा मानसिक विकार आहे काय, की ज्यामुळे आपल्या स्वतःच्या किंवा इतरांच्या सुरक्षिततेस अथवा हितास धोका पोहोचेल? पांगळ्या पायांनी कोणास धोका होतो? तेव्हा माझ्या भावासारख्या माणसाने तेथे 'नाही' लिहिणे हे पूर्ण सत्य होय. लपवण्याजोगे त्यात काही नाही, आणि मुलाखतीस समक्ष जावयाचे असता खुर्ची लपणार तरी कोठे? उलट जाणूनबुजून खोटे लिहिल्याचे सिद्ध झाले, तर प्रवेशास कायमची बंदी होऊ शकते.

खरी अडचण दुसरीकडेच आहे. १९५२च्या कायद्यातील २१४(ब) हे कलम प्रत्येक अर्जदाराविषयी असे गृहीत धरते की, हा तेथेच राहावयास निघाला आहे. तसे नाही हे पटवून देण्याचा भार अर्जदारावर. नोकरी, घर, बायकामुले हे परतीचे पाश मानले जातात. ज्यास नोकरी नाही, ज्याचे लग्न झाले नाही, ज्याच्या नावावर जमीन नाही, त्याने काय दाखवावे? मला वाटते, येथेच कायद्याची दृष्टी तोकडी पडते. कारण जो इतरांच्या आधाराने जगतो, त्याचे पाश आपल्यापेक्षा अधिक घट्ट असतात. आम्ही भावाचे सरकारी अपंगत्व-वेतन, त्याचे नेहमीचे उपचार, ज्या घरात तो राहतो त्याचे कागद आणि त्याची शुश्रूषा कोण करतो याचे एक साधे निवेदन एकत्र केले. भाचीचे निमंत्रणपत्र जोडले खरे. परंतु असे पत्र आवश्यक नसते, आणि निर्णय अर्जदाराच्या स्वतःच्या परिस्थितीवरच अवलंबून असतो.

दुसरी शंका खर्चाची. तेथे आजारी पडल्यास हा सरकारवर भार होईल काय, हे अधिकारी पाहू शकतो. पाहुण्यास तेथील सरकारी वैद्यकीय विमा मिळत नाही. म्हणून प्रवासविमा घ्यावा, आणि जुन्या व्याधी त्यात वगळल्या आहेत की काय हे बारीक अक्षरांत वाचावे. भेटीस जातो असे सांगून मनात उपचाराचा बेत ठेवू नये. उपचारच करावयाचे असतील, तर तेथील डॉक्टराचे पत्र, खर्चाचा अंदाज आणि पैशांची तरतूद निराळी दाखवावी लागते.

ज्यास शारीरिक असमर्थतेमुळे अर्ज भरता येत नाही, त्याचा अर्ज पालक भरू शकतो. पालक नसल्यास त्याच्याविषयी रास्त आस्था असलेली व्यक्तीही. सोबत जाणाऱ्याचा अर्ज मात्र स्वतंत्र हवा, आणि दोघांनी एकत्रच मुलाखत मागावी. शुल्क जून २०२३पासून माणशी १८५ डॉलर आहे व ते परत मिळत नाही. २०२५च्या कायद्याने आणखी २५० डॉलरांचे शुल्क मंजूर केले आहे, तेही हिशेबात धरावे. वयोवृद्धांना मुलाखतीतून मिळणारी सूट सप्टेंबर २०२५मध्ये काढून घेण्यात आली. खुर्चीसाठी वाट, सोबत्यास आत प्रवेश, बोलण्यास अधिक वेळ, जे हवे ते वकिलातीस आधीच लेखी कळवावे. नकार मिळाल्यास त्यावर अपील नाही; परिस्थितीत फरक पडल्यावर नवा अर्ज करता येतो.

आमच्या घरी मुलाखतीची तालीम चालली आहे. प्रश्न त्यास विचारला की उत्तर मी देऊ लागतो, आणि तो हात वर करून मला थांबवतो. "गेल्यावर काय करणार?" असे विचारता त्याने तयार केलेले उत्तर आहे : "नात पाहीन, देवळात जाईन, थंडी पडण्याआधी परत येईन." हे वाक्य पुरे करावयास त्यास जवळजवळ एक मिनिट लागते.

पॅरिसहून रॅले-डरॅमला थेट विमान आहे, म्हणजे वाटेत एकदाच विमान बदलावे लागेल. खुर्चीसाठी विमानकंपनीस निदान ४८ तास आधी कळवावयाचे असते. विजेची खुर्ची असेल तर तिच्या बॅटरीचा प्रकारही सांगावा लागतो. व्हिसा हातात पडला तरी किती दिवस राहावयाचे ते उतरल्यावर विमानतळावरील अधिकारी ठरवतो, आणि जपावयाची तारीख तीच; व्हिसावर छापलेली नव्हे.