देवीचं तूप, कायद्याचे निकष

कुंभकोणमजवळच्या तिरुक्करुगावूरला मूल हवं असलेली जोडपी गर्भरक्षांबिकेच्या पायाशी ठेवलेलं तूप घरी नेऊन ४८ दिवस खातात. गरोदर बायका सुखरूप बाळंतपणासाठी एरंडेल नेतात. नवस फळला नाही, तर दत्तकाची वाट उरते. १९५६चा दत्तक कायदा हिंदू, बौद्ध, जैन, शिखांपुरता. २०१५च्या बाल न्याय कायद्याला (कलम ५८) पालक कोणत्याही धर्माचे चालतात. मुसलमानही असं दत्तक घेऊ शकतात, हे सर्वोच्च न्यायालयाने शबनम हाश्मी खटल्यात २०१४ मध्ये, जुन्या बाल न्याय कायद्याखालीच सांगितलं होतं. तात्पुरत्या प्रतिपालकत्वासाठी कलम ४४ कुटुंबाची क्षमता, इच्छा, मुलं सांभाळल्याचा अनुभव पाहतं. निकषांत देवघर नाही, हे बरंच झालं.